मल्टिकास्ट पत्ता-रूपांतर : चार ओळींच्या कॉन्फिगरेशनची समीक्षा

१. विषयप्रवेश

संगणक नेटवर्कच्या अभ्यासक्रमात नॅट आणि मल्टिकास्ट हे दोन विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. दोन्ही शिकवून झाले की शेवटी एक जोड-टिपण दिले जाते : राऊटरवर मल्टिकास्टसाठी नॅट कसे लावावे. अशा टिपणात बहुधा चार पायऱ्या असतात. मल्टिकास्ट रूटिंग सुरू करा. दोन्ही इंटरफेसवर पिम स्पार्स मोड लावा. एक इंटरफेस 'आतला' आणि दुसरा 'बाहेरचा' असे नॅटला सांगा. शेवटी जुना पत्ता आणि नवा पत्ता यांची स्थिर जोडी लिहा. मीही बरीच वर्षे हेच टिपण वर्गात दिले. प्रयोगशाळेत ते चालायचे, व्हिडिओ दिसायचा आणि प्रयोगवहीवर सही व्हायची.

एका वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, २३९.१.१.१ हा पत्ता कोणत्याच मशीनचा नाही. मग आपण नक्की कुणाचा पत्ता बदलतोय?" मी तेव्हा "गटाचा" असे उत्तर दिले आणि पुढे गेले. ते उत्तर अपुरे होते. त्या प्रश्नाचा नीट विचार केल्यावर संपूर्ण टिपणच पुन्हा तपासावे लागले.

प्रस्तुत लेखात त्या चार ओळींची समीक्षा केली आहे. मुद्दा एकच आहे. 'मल्टिकास्ट नॅट' या एका नावाखाली दोन वेगळी कामे एकत्र केली जातात. स्रोताचा पत्ता बदलणे हे एक काम आणि गटाचा पत्ता बदलणे हे दुसरे. पहिले काम खरोखर रूपांतर आहे, मात्र अर्धवट. दुसरे काम रूपांतर नव्हेच. तिथे राऊटर स्वतः नवा प्रक्षेपक बनतो. हा फरक न सांगता दिलेले कॉन्फिगरेशन एका राऊटरवर चालते आणि तीन राऊटरांच्या नेटवर्कमध्ये अडते.

२. युनिकास्ट नॅटची कल्पना कुठपर्यंत पुरते

नॅटची मूळ मांडणी मे १९९४ मधील आरएफसी १६३१ मध्ये आहे आणि तिची सुधारित आवृत्ती जानेवारी २००१ मधील आरएफसी ३०२२ मध्ये. मांडणी साधी आहे. आतले मशीन बाहेर पॅकेट पाठवते, राऊटर स्रोताचा पत्ता बदलतो आणि ती जोडी तक्त्यात नोंदवतो. उत्तर परत येते तेव्हा तोच तक्ता उलट वाचून गंतव्य पत्ता बदलला जातो. या व्यवस्थेत दोन गोष्टी गृहीत आहेत. पत्ता एका मशीनचा असतो, आणि जाणारे पॅकेट व येणारे उत्तर एकाच संवादाच्या दोन बाजू असतात.

मल्टिकास्टमध्ये ही दोन्ही गृहीते टिकत नाहीत. ऑगस्ट १९८९ मध्ये स्टीव्ह डीअरिंग यांनी लिहिलेल्या आरएफसी १११२ नुसार २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते यजमान-गटाचे आहेत. गटात कोण आहे हे पाठवणाऱ्याला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. शिवाय गटाकडे गेलेल्या पॅकेटला उत्तर येत नाही.

त्याऐवजी उलट दिशेने वेगळीच गोष्ट येते : मागणी. श्रोता आयजीएमपीने आपल्या जवळच्या राऊटरला सांगतो की मला अमुक गट हवा. तो राऊटर पिमचा 'जॉइन' संदेश स्रोताकडे, किंवा आधी भेट-बिंदूकडे म्हणजे आरपीकडे, एकेक राऊटर ओलांडत पाठवतो. ही मागणी ज्या वाटेने वर गेली त्याच वाटेने डेटा खाली येतो. प्रत्येक राऊटर आणखी एक तपासणी करतो, तिला आरपीएफ म्हणतात. पॅकेटमधील स्रोताकडे जाण्यासाठी माझा युनिकास्ट तक्ता जो इंटरफेस दाखवतो, त्याच इंटरफेसवरून हे पॅकेट आले आहे का? नसेल तर पॅकेट टाकून दिले जाते.

म्हणून मल्टिकास्टमध्ये पत्ता केवळ पॅकेटच्या शीर्षात नसतो. तो तीन ठिकाणी असतो : डेटा पॅकेटच्या शीर्षात, मागणीच्या संदेशाच्या आत आणि वाटेतल्या प्रत्येक राऊटरच्या तक्त्यात. चार ओळींचे टिपण फक्त पहिल्या ठिकाणी पत्ता बदलते. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

३. स्रोताचा पत्ता बदलताना

उदाहरण घेऊ. आतला व्हिडिओ सर्व्हर १०.२०.१.५ आहे आणि तो २३९.१.१.१ या गटाला पाठवतो. बाहेरच्या नेटवर्कमध्ये १०.२०.१.५ कडे जाणारा मार्ग नाही, म्हणून तिथले राऊटर आरपीएफ तपासणीत हे पॅकेट टाकून देतील. आपण सीमेवरच्या राऊटरवर १०.२०.१.५ चे १९२.०.२.५ करतो. गट तसाच राहतो. इथपर्यंत काम योग्य आहे आणि त्याला रूपांतर म्हणायला हरकत नाही.

आता टिपणात न सांगितलेल्या गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट मार्गाची. बाहेरच्या प्रत्येक राऊटरच्या तक्त्यात १९२.०.२.५ कडे जाणारा मार्ग आपल्या सीमा-राऊटरच्याच दिशेने हवा. नवा पत्ता दुसऱ्या कुठल्या उपनेटवर्कमधून उचलला असेल तर रूपांतर अचूक होईल, पण पुढच्याच राऊटरवर पॅकेट मरेल. विद्यार्थी नॅटचा तक्ता तपासत बसतो. चूक असते रूटिंगमध्ये.

दुसरी गोष्ट मागणीची. बाहेरचा श्रोता स्रोत-विशिष्ट पद्धत वापरत असेल तर तो 'मला १९२.०.२.५ कडून हा गट हवा' अशी मागणी करतो. आयजीएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २००२ च्या आरएफसी ३३७६ मध्ये, स्रोतांची यादी संदेशाच्या पोटात असते. पिमच्या जॉइनमध्येही तसेच. ही मागणी सीमा-राऊटरपर्यंत पोहोचली की ती १०.२०.१.५ साठी आहे हे कुणीतरी ओळखले पाहिजे. डेटा पॅकेटसाठी लिहिलेला स्थिर नियम ही सांगड आपोआप घालत नाही. राऊटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल तर प्रवाह सुरूच होत नाही.

तिसरी गोष्ट नोंदणीची. स्पार्स मोडमध्ये स्रोताजवळचा राऊटर सुरुवातीची पॅकेट 'रजिस्टर' संदेशात गुंडाळून आरपीकडे पाठवतो. आरपी बाहेर असेल तर हा संदेश सीमेवरून जातो, पण आत गुंडाळलेल्या पॅकेटचा स्रोत १०.२०.१.५ असाच राहतो. आरपी पाकीट उघडतो आणि त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याकडे मागणी पाठवायला जातो. म्हणून स्रोत-रूपांतर करायचे असेल तर आरपी कुठे आहे हा प्रश्न नॅटच्या नियमाआधी यायला हवा. माझ्या टिपणात आरपीचा उल्लेख एकदाच, तोही पिमच्या ओळीत, ओझरता होता.

चौथी गोष्ट पोर्टसह रूपांतराची. युनिकास्टमध्ये शेकडो मशीन एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवणे ही नॅटची सर्वांत लोकप्रिय सोय आहे. मल्टिकास्टमध्ये हेच केले तर वेगवेगळे स्रोत बाहेर एकाच पत्त्याचे दिसतात. दोन सर्व्हर एकाच गटाला पाठवत असतील तर बाहेरच्या राऊटरला ते एकच स्रोत वाटतील. 'हा स्रोत हवा, तो नको' असे सांगण्याचा श्रोत्याचा अधिकार तिथेच संपतो. म्हणून स्रोत-रूपांतर एकास-एक आणि स्थिरच असावे. हे मत मी नियम म्हणून मांडते, सोय म्हणून नाही.

मग प्रयोगशाळेत सगळे कसे चालते? कारण तिथे एकच राऊटर असतो, सर्व्हर एका बाजूला थेट जोडलेला आणि श्रोता दुसऱ्या बाजूला थेट जोडलेला. पुढे आरपीएफ तपासणारा दुसरा राऊटर नसतो. आरपी त्याच राऊटरवर असतो. श्रोता स्रोताचे नाव न घेता फक्त गट मागतो. म्हणजे अडचण निर्माण करणाऱ्या सर्व गोष्टी प्रयोगातून आधीच वगळलेल्या असतात. प्रयोग यशस्वी होतो, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

४. गटाचा पत्ता बदलताना

आता दुसरे काम. समजा आत २३९.१.१.१ वर आधीच एक प्रवाह चालू आहे आणि बाहेरच्या माहिती-पुरवठादाराचा प्रवाहही २३९.१.१.१ वरच येतो. असे होणे स्वाभाविक आहे. जुलै १९९८ च्या आरएफसी २३६५ ने २३९ चा संपूर्ण पट्टा प्रशासकीय मर्यादेतील वापरासाठी ठेवला आहे; प्रत्येक संस्था तो आपल्या हद्दीत हवा तसा वापरते. दोन हद्दी जोडल्या की टक्कर होते. मग येणाऱ्या प्रवाहाचा गट २३९.५०.१.१ असा बदलायचे ठरते.

इथे राऊटरमध्ये काय घडते ते नीट पाहा. आतला श्रोता २३९.५०.१.१ मागतो. ही मागणी राऊटरपर्यंत येते. बाहेर या गटाचा प्रवाहच नाही, त्यामुळे ती पुढे पाठवण्यात अर्थ नाही. बाहेरचा २३९.१.१.१ मिळवायचा तर राऊटरला स्वतःच्या नावाने तो गट मागावा लागतो. सिस्कोच्या आयओएसमध्ये या सोयीचे नाव 'सर्व्हिस रिफ्लेक्शन' असे आहे. तिथे एक आभासी इंटरफेस तयार करतात, त्यावर जुन्या गटाचे स्थिर सभासदत्व लिहितात आणि जुना गट, नवा गट व नवा स्रोत-पत्ता असा नियम देतात. नवा स्रोत-पत्ता त्या आभासी इंटरफेसच्या उपनेटवर्कमधला असतो. त्यामुळे आतल्या नेटवर्कला हा प्रवाह सीमा-राऊटरला थेट जोडलेल्या एखाद्या सर्व्हरकडून सुरू झाल्यासारखा दिसतो. नोंदणी, आरपी, मागणी, सगळे नव्याने तिथून सुरू होते.

याला 'पत्त्याचे भाषांतर' म्हणणे फसवे आहे. आपल्याकडे यासाठी अचूक शब्द आधीपासून आहे : सहक्षेपण. आकाशवाणीचे स्थानिक केंद्र दिल्लीचे बातमीपत्र आपल्या प्रक्षेपकावरून, आपल्या कंप्रतेवर पुन्हा सोडते तेव्हा निवेदक सांगतो की आता आम्ही हे बातमीपत्र सहक्षेपित करत आहोत. श्रोता दिल्ली केंद्र लावत नाही, स्थानिक केंद्र लावतो. कार्यक्रम तोच, पण प्रक्षेपक वेगळा. गट बदलणारा राऊटर हेच करतो. एकदा 'सहक्षेपण' म्हटले की विद्यार्थ्याला पुढचे प्रश्न आपोआप सुचतात : मूळ कार्यक्रम कोण आणि केव्हा पकडतो? प्रक्षेपक बंद पडला तर काय? ऐकणारे कुणी नसले तरी प्रक्षेपण चालूच राहते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गैरसोयीचे आहे. स्थिर सभासदत्वामुळे आत एकही श्रोता नसला तरी बाहेरचा प्रवाह राऊटरपर्यंत सतत येत राहतो. मागणी असेल तिथेच डेटा, हे मल्टिकास्टचे मूळ तत्त्व. सीमेच्या दुव्यापुरते ते आपण सोडून दिलेले असते. कमी क्षमतेच्या दुव्यावर दहा प्रवाहांचे गट असे बदलले तर दहाही प्रवाह दिवसरात्र त्या दुव्यावर असतील. टिपणात हा खर्च लिहिलेला नसतो.

आणखी तीन बारकावे टिपणातून वगळले जातात.

(अ) नवा गट निवडताना इथरनेटचा विचार. आयपी गटाचे फक्त शेवटचे २३ बिट मॅक पत्त्यात जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळे गट एकाच मॅक पत्त्यावर येतात. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे दोन गट राऊटरला वेगळे, पण मॅक पत्ता पाहून पुढे पाठवणाऱ्या स्विचला एकच. तसेच २३९.०.०.५ हा नवा गट निवडला तर त्याचा मॅक पत्ता ओएसपीएफच्या २२४.०.०.५ सारखाच होतो. असे नियंत्रण-गट स्विच सर्व पोर्टवर सोडतो, त्यामुळे आपला व्हिडिओही सर्व पोर्टवर जाण्याचा धोका असतो. टक्कर टाळण्यासाठी केलेला बदल खालच्या थरात नवी टक्कर निर्माण करतो.

(आ) पॅकेटच्या पोटातला पत्ता. श्रोत्याला प्रवाहाची माहिती बहुधा एसडीपी वर्णनातून मिळते आणि त्यात गटाचा पत्ता मजकूर म्हणून लिहिलेला असतो. राऊटरने शीर्ष बदलले तरी वर्णनात २३९.१.१.१ च राहतो. श्रोता जुना गट मागतो आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसतो.

(इ) टीटीएल. अनुप्रयोगाने काही सांगितले नाही तर मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल १ असतो. हे आरएफसी १११२ मध्येच ठरले आहे. असे पॅकेट पहिल्या राऊटरच्या पलीकडे जातच नाही. प्रयोगशाळेत मी पाहिलेल्या 'नॅट चालत नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ नॅटमध्ये नव्हते, सर्व्हरच्या या एका आकड्यात होते.

५. मानक काय सांगते

फेब्रुवारी २००८ मध्ये आरएफसी ५१३५ प्रसिद्ध झाला. नॅट यंत्राने मल्टिकास्टशी कसे वागावे, हाच त्याचा विषय. त्याची पहिलीच अट स्पष्ट आहे : बाहेरून आतल्या यजमानांकडे जाणाऱ्या मल्टिकास्ट पॅकेटचा गंतव्य पत्ता आणि गंतव्य पोर्ट नॅटने बदलू नये. मागण्यांसाठी त्यात आयजीएमपी प्रॉक्सीचा आधार घेतला आहे. ती पद्धत ऑगस्ट २००६ च्या आरएफसी ४६०५ मध्ये आहे. प्रॉक्सी आतल्या श्रोत्यांच्या मागण्या गोळा करतो आणि बाहेर स्वतः एक श्रोता म्हणून मागतो. मागणी असेल तरच मागतो, हे महत्त्वाचे.

या मानकाचे मोठेपण हे की गटाचा पत्ता हा नॅटचा विषय नाही, हे ते ठामपणे सांगते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. मी ते आधी वाचायला हवे होते. पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते घराच्या किंवा लहान कार्यालयाच्या सीमेवरचे यंत्र डोळ्यांसमोर ठेवते. पिम स्पार्स मोड आणि आयपीव्ही६ त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे जिथे दोन मोठी नेटवर्क पिमने जोडली जातात आणि पत्त्यांची टक्कर खरोखर होते, तिथे हे मानक गप्प आहे. ती पोकळी उत्पादकांनी आपापल्या सोयींनी भरली. आज्ञा वेगळ्या, नावे वेगळी, मर्यादा वेगळ्या. पाठ्यटिपणांनी या आज्ञांनाच सिद्धांत मानले, आणि माझे टिपण त्यातलेच एक होते.

६. रूपांतर कधी करावे

टीकेचा अर्थ असा नाही की हे कधीच करू नये. पण आधी पर्याय तपासावेत. गट आपल्या हातात असेल तर तो बदलावा; संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी आरएफसी २३६५ ने २३९.१९२.०.० पासूनचा १४ बिटांच्या उपसर्गाचा पट्टा सुचवला आहे. १६ बिटांचा एएस क्रमांक असणाऱ्या संस्थेला २३३ च्या पट्ट्यात स्वतःचे २५६ गट आपोआप मिळतात (आरएफसी ३१८०). सर्वांत चांगला पर्याय स्रोत-विशिष्ट मल्टिकास्टचा, म्हणजे २३२ च्या पट्ट्याचा (आरएफसी ४६०७, ऑगस्ट २००६). तिथे प्रवाहाची ओळख स्रोत आणि गट या जोडीने ठरते. दोन पुरवठादारांनी एकच गट वापरला तरी स्रोत वेगळे असल्याने राऊटरमध्ये गोंधळ होत नाही. गट-रूपांतराची गरजच बहुतांशी मिटते. दोन नेटवर्क पूर्ण वेगळी ठेवायची असतील तर व्हीआरएफचा मार्ग आहे.

पुरवठादार गट बदलणार नाही, श्रोत्यांची उपकरणे जुनी आहेत आणि टक्कर टाळता येत नाही, अशा वेळी सहक्षेपण करावे. पण ते सहक्षेपण आहे असे नोंदवून करावे.

मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये रूपांतर करताना मात्र अधिक सावध राहावे. राऊटरची हीच सोय एका गटाच्या प्रवाहाच्या अनेक युनिकास्ट प्रती काढायलाही वापरता येते. प्रती एकामागून एक निघतात, म्हणजे कुणाला तरी आधी आणि कुणाला तरी नंतर. हा फरक क्षुल्लक वाटेल. पण राष्ट्रीय शेअर बाजाराच्या को-लोकेशन प्रकरणाच्या केंद्रस्थानी असाच तांत्रिक प्रश्न होता. टिक-बाय-टिक माहिती आधी टीसीपीवरून प्रत्येक सभासदाला स्वतंत्रपणे, क्रमाने दिली जाई आणि आधी जोडला गेलेल्याला ती आधी मिळते असा आक्षेप होता. २०१४ मध्ये ही माहिती मल्टिकास्टने देणे सुरू झाले आणि सेबीने २०१९ मध्ये या प्रकरणात आदेश दिला. मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत पाठवतो. कुणाला आधी द्यायचे हा निर्णय त्याच्या हातात राहत नाही. युनिकास्टमध्ये रूपांतर करणारा राऊटर तो निर्णय पुन्हा आपल्या हातात घेतो, तोही कुणाच्या लक्षात न येता.

७. समारोप

जुन्या टिपणातल्या चारही ओळी व्याकरणदृष्ट्या बरोबर होत्या. चूक त्यांच्या आधी काय विचारायचे यात होती. आता मी आज्ञा शेवटी देते. त्याआधी विद्यार्थ्यांनी कागदावर पाच प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात.

(१) बदलायचे काय, स्रोत की गट? गट असेल तर का, आणि सहावा विभाग वाचूनही का?
(२) नव्या स्रोत-पत्त्याकडे जाणारा मार्ग प्रत्येक राऊटरमध्ये कोणत्या इंटरफेसवर जातो?
(३) श्रोत्याची मागणी कोणत्या पत्त्यासाठी निघते आणि कोणत्या राऊटरवर थांबते?
(४) आरपी सीमेच्या कोणत्या बाजूला आहे?
(५) पॅकेटच्या पोटात, एसडीपीमध्ये आणि मॅक पत्त्यात काय शिल्लक राहते? सर्व्हरचा टीटीएल किती?

प्रयोगाची रचनाही बदलली आहे. एका राऊटरऐवजी तीन, आरपी मुद्दाम बाहेर, आणि एक श्रोता स्रोताचे नाव घेऊन मागणी करणारा. पहिल्या तासाला व्हिडिओ दिसत नाही. विद्यार्थी नाराज होतात; मग ते प्रत्येक राऊटरचा मल्टिकास्ट तक्ता उघडून मागणी कुठे अडली ते शोधू लागतात. माझ्या मते या विषयाचा अभ्यास तिथून सुरू होतो.

स्वाध्याय : वरील उदाहरणात सीमा-राऊटरवर स्थिर सभासदत्वाऐवजी आयजीएमपी प्रॉक्सी वापरला तर (अ) गट-रूपांतर शक्य राहील का, (आ) श्रोता नसताना बाहेरच्या दुव्यावरील वाहतूक किती राहील, हे आकृती काढून स्पष्ट करा.